दवाखान्यामागची पेज

भोरच्या दवाखान्यात मी कंपौंडर म्हणून लागलो तेव्हा तिथले डॉक्टर तांदळाचा भाव बाजारात विचारत नसत, मावशींना विचारत. सकाळी मावशी टोपली घेऊन परतल्या की डॉक्टर खिडकीतून हाक मारायचे, "काय मावशी, काय म्हणतोय बाजार?" मावशी टोपली ओट्यावर ठेवायच्या, आत हात घालून तांदूळ वरखाली करायच्या आणि म्हणायच्या, "चढनार. खालच्या आळीत बायांची बोटं मिटाया लागल्यात." आठ-पंधरा दिवसांत भाव खरोखर चढलेला असे.

मला सुरुवातीला ही जादू वाटली. पण जादू काही नव्हती. मावशी रोज एक आळी घ्यायच्या आणि प्रत्येक दारात एक मूठ तांदूळ मागायच्या. भांड्यातून ओतलेलं घ्यायच्या नाहीत. कुणी वाटी पुढे केली तर टोपली मागे ओढून म्हणायच्या, "मापानं नगं, मुठीनं दे. मापाला लाज नसती." वर्षानुवर्षं तेच हात बघितल्यामुळे कोणता हात किती उघडतो ते त्यांना पाठ झालं होतं. घरातल्या बाईला भाव वाढायची धास्ती नवऱ्याच्या आधी लागते, आणि ती धास्ती आधी तिच्या बोटांत उतरते, एवढंच त्यांचं शास्त्र.

त्या तांदळाची पेज दवाखान्यामागे शिजायची. रोग्याला आत दूध-पेज मिळे. पण रोग्याबरोबर आलेल्या माणसानं आपलं आपण बघायचं, हा तेव्हा सगळीकडचाच रिवाज. डोंगरातून दोन-दोन दिवस चालत आलेली माणसं. बांधून आणलेली भाकरी पहिल्या दिवशी संपायची आणि मग ती व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायची. त्यांच्यासाठी मावशींनी पत्र्याच्या छपराखाली चूल मांडली होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी नेमलं नव्हतं. चाळिशीच्या, उंच, हाडापेरानं मजबूत, कपाळावर गोंदण, आणि आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावरचा गाडीवान बैल थांबवून बघायचा. सगळं गाव त्यांना मावशी म्हणे. नाव बहुधा कुणालाच माहीत नव्हतं.

देणाऱ्याशी त्या जितक्या उद्धट, तितक्याच खाणाऱ्याशी मऊ. सोवळ्यातल्या एखाद्या काकू लांबून तांदूळ टाकू लागल्या की म्हणायच्या, "वरनं टाकू नगा, दानं उडत्यात. म्या काय तुमास्नी चावत न्हाई." आभार त्यांनी कुणाचे मानले नाहीत. पेजेला मात्र आलेल्या क्रमानं सगळ्यांना एका ओळीत बसवायच्या. एकदा गावातले एक गृहस्थ त्या ओळीवरून कुरकुर करू लागले, कोण कुणाशेजारी बसलाय म्हणून. मावशींनी पळी त्यांच्याकडे रोखली. "भूक लागली आसंल तर बसा. न्हाईतर वाट सोडा, पेज गार व्हतीया." गृहस्थांनी वाट सोडली.

माझी त्यांची ओळख झाली ती अपमानानंच. मी नवा, एकटा, पहिला पगार हातात आलेला. मावशी दारात आल्या तेव्हा मी ऐटीत आठ आणे काढून टोपलीत टाकले. त्यांनी ते उचलून माझ्या उंबऱ्यावर ठेवले.

"ह्ये आज दिशील आन म्हैनाभर माजं त्वांड चुकवशील. मूठ दे. आठवड्याला येक."

"माझ्याकडे तांदूळ नाहीत. मी खाणावळीत जेवतो."

"मग हात हायती न्हवं? सांजच्याला ये, लाकडं फोड."

आणि मी गेलो. का गेलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. लग्न होऊन घरात चूल पेटेपर्यंत माझी मूठ म्हणजे आठवड्यातून एकदा फोडलेली लाकडं होती.

ते मंदीचे दिवस होते. धान्याला भाव नव्हता. आंबवड्याकडचे, भाटघरच्या पाण्याकाठचे शेतकरी डोक्यावर तांदूळ घेऊन बाजाराला यायचे आणि संध्याकाळी तसाच परत न्यायचे. एका बाजारच्या दिवशी असाच एक शेतकरी थकून दवाखान्यामागे आला. अख्खं पोतं चुलीजवळ टाकून म्हणाला, "घ्या मावशी. फुकाट बी कोन घेईना. परत न्यायाचं बळ न्हाई." मी आणि डॉक्टर खूश झालो. महिनाभराची सोय झाली असती. त्या दिवशी टोपलीत तर फार थोडं होतं.

मावशींनी पोत्याचं तोंड सोडलं, एक मूठ घेतली आणि तोंड परत बांधलं.

"ने घरी."

"आवो, पन किंमतच न्हाई त्याला."

"बाजारात न्हाई. तुजी बायकू लावनीत वाकली हुती का न्हाई? मग? भाव पडला म्हनून तिचं कंबरडं सवंग झालं का रं?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पोरं खात्याल. पेज पिऊन जा, म्हंजी वज्जं लागनार न्हाई."

तो गडी पेज प्यायला आणि पोतं डोक्यावर घेऊन गेला. डॉक्टर चिडले. "दिलेलं परत पाठवता, आणि उद्या माणसं उपाशी बसली तर?"

 दुसऱ्या दिवशी मावशी कचेरीतल्या कारकुनांच्या आळीत गेल्या आणि दारोदार एकच भाषण केलं. ते मी स्वतः ऐकलं, कारण मीही त्याच आळीत राहायचो. "तुमचा पगार मोठा झालाय, आन तुमास्नी ठावंच न्हाई! आकडा त्योच, पर आंबेमोहोर निम्म्या भावानं खाताय. कुनाच्या जिवावर? त्या डोंगरातल्यांच्या. मूठ मोठी करा." एक फडणीस बाई रागावून म्हणाल्या, "भीक मागायची ती वर हिशेब सांगून?" मावशी म्हणाल्या, "हिशेब न्हाई सांगत. मूठ मोठी करा म्हनते." त्या आठवड्यात आमच्या आळीतल्या मुठी मोठ्या झाल्या. लाजेनं झाल्या असतील, पण झाल्या.

मंदीबद्दल पुढे मी पुष्कळ वाचलं. इतकं सरळ कुणी सांगितलेलं आठवत नाही. दान कुणाकडे मागायचं हे मावशी माणसाच्या स्वभावावरून ठरवत नसत. काळानं या घडीला कुणाच्या ताटात जास्त वाढलंय, ते बघून ठरवत.

मग लढाई सुरू झाली आणि सगळं उलटं झालं. भाव चढले, पगार तिथेच राहिले. तांदूळ कार्डावर आला, खेड्यातला सरकारी लेव्हीत सक्तीनं जाऊ लागला. आता आमच्या आळीत त्या स्वतःच म्हणायच्या, "चार दानं घाल पोरी, जास्त नगं. घरात लेकरं हायती." मध्ये सुटी नाणी गायब झाली. पानाच्या गादीवर मोडीऐवजी पोस्टाची तिकिटं देऊ लागले. एका दुकानदाराला दानधर्म टाळायला चांगलंच निमित्त सापडलं. मावशी समोर आल्या की हात पसरून म्हणायचा, "काय करू मावशी, मोडच नाही." दोन-तीनदा ऐकून घेतल्यावर मावशींनी दुकानातल्या मिठाच्या पोत्याकडे बोट दाखवलं. "मिठाला मोड लागत न्हाई. मूठभर घाल." पेजेच्या मिठाची तेव्हापासून सोय झाली.

पण हळूहळू पेज पातळ होत गेली. इतकी, की द्रोणाचा तळ दिसायचा. आणि माणसं वाढली होती. हिवताप होता, खरूज होती, उपासमारीनं सुजलेली पोरं होती.

अशा वेळी कोळशाचे एक कंत्राटदार पुढे आले. पेट्रोल मिळेनासं झाल्यामुळे मोटारी कोळशावर चालू लागल्या होत्या, पाठीला शेगडीसारखी टाकी बांधून. त्यामुळे आमच्या डोंगरातल्या कोळशाला सोन्याचा भाव आला होता. गृहस्थ वाईट नव्हते. आईच्या दुखण्यात त्यांनी दवाखाना पाहिला होता, मावशींची चूल पाहिली होती. म्हणाले, "मावशी, तुम्ही दारोदार हिंडू नका. सगळा तांदूळ माझा. परवान्याचं मी बघतो. फक्त छपरावर माझ्या आईच्या नावाची पाटी लागू दे."

मावशींनी दोन दिवस त्यांना होकार दिला नाही. मला त्यांनी विचारलं, आणि मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मावशी, तुम्हीच म्हणता ना, ज्याच्या ताटात वाढलंय त्याच्याकडे मागावं? आता त्याच्या ताटात वाढलंय. घ्या."

"व्हय," त्या म्हणाल्या. "खरं हाय तुजं." पण टोपली खुंटीला अडकवताना त्यांचा हात जरा वेळ तिथेच राहिला.

दीड-दोन वर्षं पेज दाट झाली. पाटी लागली. मावशींच्या पायांना आराम मिळाला. आमच्या घरातली शनिवारची मूठ सुटली. बायको एकदा म्हणाली, "आपण ठेवायची का बाजूला, कधी लागली तर?" मी म्हणालो, "कशाला? कंत्राटदार देतायत की." सगळ्या गावानं हेच म्हटलं. म्हणायची गरजही पडली नाही. हात आपोआप विसरले.

लढाई संपली. पेट्रोल येऊ लागलं, कोळसा पडला. तांदूळ मात्र कार्डावरच राहिला, उलट कार्डावरचा कमी झाला. कंत्राटदार एका सकाळी स्वतः आले. निरोप पाठवून मोकळे झाले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. उभ्या उभ्या म्हणाले, "मावशी, आता मला झेपत नाही. पाटी काढून टाका."

"ऱ्हाऊ दे पाटी. तुज्या आईनं काय केलंय?" मावशी म्हणाल्या. "तुज्यावर राग न्हाई रं. येवडी दारं सोडून म्या येका दाराला बसले, ती चूक माजी."

ती चूक त्यांची नव्हती, माझी होती. मी तिथेच उभा होतो. बोललो नाही.

मावशींनी टोपली काढली आणि पुन्हा आळ्या सुरू केल्या. पहिल्या दिवशी चाळीस घरांतून जे आलं ते टोपलीच्या तळालाही पुरलं नाही. माणसं दुष्ट झाली नव्हती. घरात खरंच मोजकं होतं, आणि सवय गेली होती. सवय असती तर मोजक्यातलेही चार दाणे निघाले असते. माझ्या दारात मावशी आल्या तेव्हा मी आतल्या खोलीत होतो. बायकोनं सांगितलं, "घरात नाहीत." त्या वेळी आमची दुसरी मुलगी तीन महिन्यांची होती, हे कारण मी पुष्कळ वेळा स्वतःला दिलं आहे. पाच-सहा दिवसांनी चूल पेटली नाही. व्हरांड्यात माणसं पुन्हा भिंतीला टेकून बसू लागली.

तेव्हा मावशी म्हणाल्या, "म्या पासलीला जाते."

पासली त्यांचं सासरचं गाव, वेल्ह्याच्याही पलीकडे, डोंगरात. त्या तिथल्या, एवढंच मला माहीत होतं. आणि वीस-पंचवीस वर्षांत त्या एकदाही तिकडे गेलेल्या नव्हत्या. मी रजा काढली आणि बरोबर निघालो. का, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं.

नसरापूरपर्यंत मोटार, वेल्ह्यापर्यंत बैलगाडी, पुढे पायी. वाटेत, ओढ्याशी पाणी पिताना, त्यांनी मला तिकडे न जाण्याचं कारण सांगितलं. आषाढात नवरा तापानं फणफणला. लावणी चालू होती. घरात करता पुरुष म्हणजे धाकटा दीर. त्या त्याला म्हणाल्या, "भोरला चल." तो म्हणाला, "लावनी कोन करंल?" शेजारच्या दोघांनी झोळी करून नवऱ्याला भोरला पोचवलं आणि ते परत फिरले. त्या तीन दिवस व्हरांड्यात बसून राहिल्या, उपाशी. तिसऱ्या दिवशी झाडूवाल्या बाईनं रोग्याची उरलेली पेज आणून दिली. ती त्या पीत असतानाच आतून कुणीतरी नवरा गेल्याचं सांगत आलं.

"दिराचं त्वांड बगायाचं न्हाई म्हनलं," मावशी म्हणाल्या. "न्हाई बगितलं."

पासलीत दिराच्याच अंगणात गाव जमलं. दीर पन्नाशीला आलेला, वाळका, खांबाला धरून उभा. मावशींनी त्याच्याकडे न बघता सगळ्यांना चुलीचं सांगितलं. त्यातले निम्मे लोक कधी ना कधी ती पेज प्यायलेले होते. एक म्हातारे म्हणाले, "तांदूळ लेव्हीत गेला बाई. नाचनी हाय, वरी हाय. पायलीभर देतो."

मी सांगितलं की नाक्यावर अडवतील. एका हद्दीतलं धान्य दुसरीकडे न्यायला परवाना लागतो. पायली काय, शेरभरही जाऊ देणार नाहीत.

 मग कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी, दात नसलेली, हसत म्हणाली, "आगं, मानूस तर जातंयच की भोरला. कुनी दवाखान्याला, कुनी कोर्टाला, कुनी लेकीकडं. ज्यो जाईल त्यानं पदराला येक मूठ बांधायाची. नाक्यावर आता बायांचं पदर सोडून बगत्यात व्हय?"

अंगण हसलं. मावशीही हसल्या, आणि त्या हसताना मी दिराकडे पाहिलं. तो हसत नव्हता. आम्ही निघताना तो दारापर्यंत आला आणि तिथूनच परत फिरला.

उतरणीला मावशी म्हणाल्या, "त्येचं बी खरं हुतं. त्या साली लावनी ऱ्हायली आसती तर घरातली सात मानसं मेली आसती. त्याच्यापाशी द्यायाला दिस नव्हता." थोडं चालून पुन्हा, "मानसाकडं नसतं, आन आपन म्हनतो देत न्हाई."

पहिला आठवडा कोणी आलं नाही. मावशी गार चुलीजवळ बसून राहायच्या. मी मनात म्हणायचो, अंगणातलं हसणं अंगणातच राहिलं. आठव्या दिवशी एक बाई अडलेल्या सुनेला घेऊन आली. सुनेला आत नेल्यावर ती मागच्या बाजूला आली, पदराची गाठ दातांनी सोडली आणि मूठभर नाचणी मावशींच्या टोपलीत सोडली. "पासलीची हाय म्या," एवढंच म्हणाली. मग दुसरी आली, तिसरा आला, धोतराच्या सोग्यात वरी घेऊन. नंतर पासलीच्या नसलेल्या गावांचीही माणसं येऊ लागली. वाटेवर कुणी कुणाला सांगितलं असेल देव जाणे. नाचणी, वरी, कण्या, थोडा तांदूळ, सगळं एका हंड्यात. पेज तांबूस काळी दिसायची आणि तिला डोंगराचा वास यायचा.

आमच्या आळीतल्या बायका दळणाला जाताना ते बघायच्या. फाटक्या पदरातून सुटणारी नाचणी बघायच्या. एका शनिवारी माझ्या बायकोनं मला विचारलं नाही. मावशी दारावरून पुढे जात होत्या. तिनं त्यांना हाक मारून थांबवलं आणि हात टोपलीत उपडा केला. शेजारच्या दारातून दुसरा हात आला. मावशींनी आभार मानले नाहीतच. माझ्याकडे बघून फक्त म्हणाल्या, "घरात हाईस वाटतं आज."

त्या आषाढात पाऊस चांगला लागला होता. लावणीचे दिवस म्हणजे दवाखान्यात शुकशुकाट. मरणाला टेकलेलं माणूसच तेवढं आणतात, बाकी सगळे चिखलात. दुपारी मी औषधाच्या बाटल्या धुवायला मागे गेलो तर चुलीपुढे मावशींचा दीर उभा होता. डोक्यावर इरलं, पोटऱ्यांपर्यंत वाळलेला चिखल, त्यावर वाटेतला ओला चिखल. मी घाबरून विचारलं, "कोण आजारी आहे?"

"कोन न्हाई," तो म्हणाला.

त्यानं कमरेची गाठ सोडली. कण्या मिसळलेले तांदूळ होते, मूठभरच. ते त्यानं टोपलीत सोडले आणि हात धोतराला पुसत उभा राहिला.

मावशी त्या तांदळाकडे बघत राहिल्या. "लावनी झाली?"

"न्हाई."

"पाऊस लागलाय, आन टाकून आलास? जायाला दोन दिस, यायाला दोन दिस."

"व्हय."

"रोपं पिवळी पडतील की रं."

"पडतील थोडी." तो जमिनीकडे बघून म्हणाला, "तवा आलो न्हाई, वैनी. म्हनून आलो."

मावशी उठल्या. मला वाटलं पेज वाढतील. त्यांनी कोपऱ्यातला तांब्या उचलला, दगडावर उभ्या असलेल्या दिराजवळ गेल्या आणि खाली वाकून त्याच्या पायांवर पाणी घालू लागल्या. थोरली भावजय धाकट्या दिराचे पाय धुते असं कधी होत नाही. तो दचकून पाय मागे घेऊ लागला, "वैनी, नगं, नगं."

"गप उभा ऱ्हा," मावशी म्हणाल्या. "लांबनं आलाईस."